आधी घर, मग भूत: तुंबाड, लपाछपी, भूतकालम आणि बाकीचे

तुंबाड १३ सप्टेंबर २०२४ ला पुन्हा थिएटरला लागला आणि २०१८ ला पहिल्यांदा लागला होता त्यापेक्षा जास्त चालला. असं फार क्वचित होतं आणि मला त्याचा मनापासून आनंद झाला, कारण पहिल्या वेळी हा पिक्चर आला कधी आणि उतरला कधी हे कित्येकांना कळलंच नव्हतं. नंतर ओटीटीवर तोंडोतोंडी नाव झालं त्याचं, पण मोबाईलवर बघितलेला तुंबाड म्हणजे निम्माच तुंबाड. तो पाऊस, वाड्यातला काळोख, दिव्याच्या उजेडात अर्धवट दिसणारे चेहरे, हे मोठ्या पडद्यावरच अंगावर येतं.

त्या निमित्ताने हॉरर पिक्चरांबद्दल बरंच काही डोक्यात साठलंय ते एकदा लिहूनच काढते. (शेवट कुठल्याच पिक्चरचा सांगत नाहीये, पण गोष्टी थोड्याफार उघड होतील, ज्यांना अजिबात काही कळायला नको असेल त्यांनी आधी बघून या.) माझं म्हणणं एवढंच आहे की भूत कितीही भयंकर दाखवा, ज्या घरात ते शिरतंय ते घर आधी खरं वाटलं पाहिजे. त्या घरात पैसा कुठून येतो, कोण कोणाशी बोलत नाही, म्हातारं माणूस कोणाच्या गळ्यात पडलंय, पोरं कोणाला घाबरून असतात, हे एकदा कळलं की भूत यायच्या आधीच पोटात गोळा येतो. दार करकरलं, मांजर उडी मारून गेलं, जोरात म्युझिक वाजलं, याने आपण दचकतो आणि दोन मिनिटात विसरतो. मला जे पिक्चर वर्षानुवर्षं पुरलेत ते सगळे भुताशिवायसुद्धा चांगले ड्रामा झाले असते असे आहेत.

तुंबाडचंच घ्या. गोष्ट सुरू होते १९१८ ला आणि संपते १९४७ ला, मधे पंधरा वर्षांची उडी. राही अनिल बर्वे दिग्दर्शक, म्हणजे 'थँक यू मिस्टर ग्लाड' आणि 'हमिदाबाईची कोठी'वाल्या अनिल बर्वेंचा मुलगा. गोष्टीचं बीज नारायण धारपांच्या एका कथेतलं, नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून, म्हणजे भाषा हिंदी असली तरी मुळं पूर्ण मराठी पुस्तकांच्या कपाटातली आहेत आणि ते पिक्चर बघताना सारखं जाणवतं. व्हेनिसच्या फेस्टिवलला क्रिटिक्स वीकची सुरुवात या पिक्चरने झाली होती, तो मान मिळालेला हा पहिला भारतीय सिनेमा.

पहिल्या भागात काय आहे बघा. एक बाई, दोन पोरं, कोकणातलं एकाकी घर, सतत पाऊस. बाई रोज वाड्यावर म्हाताऱ्या सरकारची सेवा करायला जाते, कारण एक सोन्याची मुद्रा मिळायची आशा आहे. आणि घरात एक साखळीने बांधलेली म्हातारी आहे जिला वेळेवर खायला घालावंच लागतं. आता हे नीट बघितलं तर यात भुताटकी नंतरची आहे. घरात एक म्हातारं माणूस आहे जे मरत नाही, त्याचं सगळं एकट्या बाईला करावं लागतं, ती बाई वाड्यावर काय करून पैसे आणते हे पोरांना अर्धवट कळतंय आणि थोरल्या पोराला आईपेक्षा त्या खजिन्याचीच ओढ जास्त आहे. मग एक दिवस धाकट्याला लागतं, आई त्याला घेऊन धावते आणि म्हातारीला खायला घालायचं काम थोरल्या विनायकवर येऊन पडतं. तो एकटा पोरगा, ते ताट आणि आतून येणारा आवाज. या सीनमधे मला अजून श्वास रोखायला होतो आणि त्याचं कारण म्हातारीचा मेकअप जेवढा आहे त्यापेक्षा जास्त हे आहे की आपल्याला तोवर पक्कं कळलेलं असतं की या पोराच्या मदतीला कोणी येणार नाहीये.

आणि पाऊस! कोकणात एक अख्खा पावसाळा काढलेल्या माणसाला हा पिक्चर जास्त कळेल असं मला वाटतं. पाऊस म्हणजे भजी आणि धबधबे एवढंच ज्यांना माहिती त्यांना ते फक्त सुंदर दिसेल. पण कपडे आठवडाभर वाळत नाहीत, भिंतींना बुरशी, सगळ्या घराला तो कुबट वास, दुपारी तीनला दिवा लावावा लागतो, रस्ता बंद, ही जी कोंडी असते ना ती पंकज कुमारच्या कॅमेऱ्याने धरलीये. त्याला त्या वर्षी फिल्मफेअर मिळालं ते योग्यच. गोष्टीत तो पाऊस म्हणजे देवांचा कोप आहे, हे सांगितलं नसतं तरी कळलं असतं एवढा तो पाऊस अंगावर येतो.

पण माझ्यासाठी तुंबाड खरा मोठा होतो तो शेवटच्या भागात, बाप आणि मुलाच्या गोष्टीत. विनायक (सोहम शाह) आपल्या मुलाला, पांडुरंगला, खजिना काढायचं शिकवतो. खजिन्यापाशी असणाऱ्या हस्तरला, म्हणजे त्या शापित देवाला, भुलवायला कणकेची बाहुली कशी करायची, दोर कसा धरायचा, किती वेळात वर यायचं. एखादा बाप पोराला दुकानावर बसवतो तशाच सुरात! लाड नाही, भीती घालणं आहे, आणि पोरगं बिचारं बापाला खूष करायला जिवाचं रान करतंय. घरातला धंदा पोरात उतरवायचा म्हणजे आपलं पापही त्याच्या अंगात उतरवायचं, हे त्या बापाला दिसतच नाही. आणि यात एक गोष्ट जी बऱ्याच जणांच्या लक्षात आलेली नसते, पांडुरंग झालेला मोहम्मद समद यानेच पहिल्या भागातली म्हातारीही केलीये. म्हणजे शापाचं पहिलं टोक आणि शेवटचं टोक एकाच पोराच्या अंगावर. हे माहिती करून घेऊन परत बघा, वेगळाच पिक्चर दिसतो.

तक्रारी आहेत. सुरुवातीला देवी, हस्तर, धान्य, सोनं ही सगळी पुराणकथा आवाजात सांगून टाकलीये, मला वाटतं ती पोरांच्या कानावर जशी तुटक तुटक पडली असती तशीच आपल्याही कानावर पडायला हवी होती. आणि बायका. अनिता दातेसारखी नटी बायको म्हणून घेतलीत, जिने 'माझ्या नवऱ्याची बायको'मधे अख्खी मालिका एकटीने ओढली, तिला इथे बघत राहण्यापलीकडे फार काही दिलं नाही. नवरा दर थोड्या दिवसांनी कुठे जातो, सोनं कुठून येतं, घरात दुसरी बाई का आली, या बाईच्या डोळ्याने एक दहा मिनिटं जरी मिळाली असती तरी मधला भाग किती भरला असता. तरीही, आपल्याकडे हॉररमधे एवढ्या मेहनतीचं काम मी दुसरं बघितलेलं नाही.

त्याच कोकणातला मुंज्या. २०२४ चा, आदित्य सरपोतदारचा, भरपूर चालला, थिएटरात लोक खूप हसत होते. मुंज झालेला आणि सोडमुंजीआधी गेलेला मुलगा पिंपळावर राहतो हे आपल्या सगळ्यांनी लहानपणी ऐकलेलं, त्यामुळे मी फार आशेने गेले होते. आणि बघा, गोष्टीच्या मुळाशी केवढी जबरदस्त चीज आहे! सख्खा भाऊ बहिणीचा बळी द्यायला निघाला, त्यात तोच मेला, आणि ती बहीण पुढे म्हातारी होईपर्यंत हे पोटात घेऊन जगली. सुहास जोशींनी ती आजी केलीये, त्यांच्या नुसत्या बघण्यात ते सगळं आहे. पण पिक्चरला पुढे जायची, विनोद करायची, ग्राफिक्स दाखवायची घाई, त्यामुळे आजी फार लवकर बाजूला पडते. मला त्या आजीचा पिक्चर बघायचा होता. सरपोतदारला हे जमणार नाही असं अजिबात नाही, त्यानेच झोंबिवलीमधे पाण्याचं राजकारण, एकीकडे टॉवर दुसरीकडे वस्ती, हे सगळं झॉम्बींच्या गोंधळात बसवलं होतं.

आता लपाछपी. २०१७ चा मराठी पिक्चर, विशाल फुरियाचा, आणि ज्यांनी बघितला नाही त्यांना मी हात जोडून सांगते बघा. नवऱ्याने पैसे घेतलेत, गुंड मागे लागलेत, बायकोला आठवा महिना, लपायला म्हणून ड्रायव्हरच्या गावाकडच्या घरी जातात, चहूबाजूंनी ऊस. हिंदी हॉररमधे वाडा, हवेली, जंगल हे नेहमीचं, पण उभ्या उसात शिरलेल्या माणसाला काय वाटतं हे आपल्याकडच्याच माणसाला सुचू शकतं. दोन सरींच्या मधे उभं राहिलं की चार पावलांवरचं दिसत नाही, पात्यांचा आवाज सगळीकडून येतो, आणि दिवसाढवळ्या, लख्ख उन्हात भीती वाटते. अंधार नसताना घाबरवणं फार अवघड असतं, इथे ते जमलंय.

पण पिक्चर उचलून धरलाय तो उषा नाईकांच्या तुळसाबाईने, म्हणजे त्या ड्रायव्हरच्या बायकोने. ही बाई काही वाईट करताना दिसतच नाही सुरुवातीला. खायला करून घालते, डोक्यावरून हात फिरवते, हे खा ते खाऊ नको, संध्याकाळी बाहेर जाऊ नको. पहिलटकरणीला हवं असतं तसं सगळं. आणि हळूहळू ती माया गळ्याभोवती आवळत जाते. पोटुशी बाई घरात आली की सगळ्या गावाचा तिच्या पोटावर हक्क असल्यासारखं वागणं, मुलगा होऊ दे गं बाई म्हणणं, हे ज्या बाईने अनुभवलंय तिला या पिक्चरात भूत यायची वाटच बघावी लागत नाही. पूजा सावंतने ती घुसमट इतकी छान दाखवलीये की शेवटी शेवटी तिचं नुसतं दमणं बघूनही आपल्याला धाप लागते.

विषय मुलींच्या हत्येचा. महाराष्ट्राने गर्भलिंग निदानाविरुद्ध १९८८ लाच कायदा केला, देशाचा कायदा आला १९९४ ला, आणि तरीही असा पिक्चर २०१७ ला करावा लागतो आणि तो जुना वाटत नाही. हेच खरं भयंकर आहे.

कमी काय पडलं ते पण सांगते. म्युझिक फार मोठ्याने, जिथे शांतता हवी होती तिथेही दणदणाट. आणि शेवटी मुद्दा तोंडाने सांगितलाय, तो आपल्याला आधीच कळलेला असतो. नंतर २०२१ ला त्याच दिग्दर्शकाने हिंदीत छोरी केला, नुसरत भरुचा आणि मीता वशिष्ठला घेऊन, तो दिसायला जास्त चकचकीत आहे, पण मला लपाछपीचाच धाक जास्त वाटतो. उषा नाईकांची ती बोली, तो ठसका, तो दुसऱ्या भाषेत जाणं शक्य नाही.

जुन्याकडे वळायचं तर द एक्झॉर्सिस्ट, १९७३, एका लहान मुलीच्या अंगात सैतान शिरतो तो. सगळ्यांना फक्त ते मान फिरवणं आणि हिरवी उलटी आठवते आणि मला याचं नेहमी वाईट वाटतं. परत बघा, पहिला किती मोठा भाग नुसता एका घटस्फोटित आईचा आहे. मुलीच्या वाढदिवसाला बापाचा फोन येत नाही, आई फोनवर ऑपरेटरवर ओरडतेय आणि पोरगी ते ऐकतेय. मग हॉस्पिटलं. एकामागून एक तपासण्या, मानेत सुई, ते मशीनचे ठोके, डॉक्टर आपापसात बोलतायत आणि आईला कोणी धड सांगत नाहीये. स्वतःच्या मुलाला घेऊन दवाखान्यांच्या फेऱ्या मारलेल्या कोणालाही विचारा, पिक्चरचा सगळ्यात न बघवणारा भाग तो आहे. आणि दुसरीकडे तो तरुण पाद्री कॅरस, त्याची म्हातारी आई न्यूयॉर्कला एकटी, तिला मनोरुग्णांच्या वॉर्डात ठेवावं लागलं, ती गेली, आणि सैतान नेमकं तिथेच बोट ठेवतो. म्हणजे सैतानाला घरात शिरायला फट लागते आणि ती फट प्रत्येकाच्या अपराधीपणाची आहे. आई झालेल्या एलन बर्स्टिनचं काम बघून कोण म्हणेल की हॉररमधे अभिनय लागत नाही? ऑस्करला बेस्ट पिक्चरचं नॉमिनेशन मिळालेला हा पहिला हॉरर सिनेमा, एकूण दहा नॉमिनेशनं होती. दिग्दर्शक फ्रीडकिनने तो घाबरवायला केला असेल नसेल, मला तो आईचा पिक्चर वाटतो.

आपल्याकडचा महल (१९४९) मात्र मी भीतीसाठी कोणाला सुचवणार नाही. दिग्दर्शक म्हणून कमाल अमरोहींचा पहिला पिक्चर, अशोक कुमार, मधुबाला, आणि खेमचंद प्रकाशच्या चालीवरचं लताबाईंचं ते गाणं, लांबून जवळ येत जाणारा आवाज, त्यासाठी कितीही वेळा बघावा. झोपाळा हलतोय, दिवे, पावलं, हे सगळं पुढे किती जणांनी उचललं त्याला गणती नाही. पण मला त्यात चटका लावते ती अशोक कुमारची बायको. नवरा एका सावलीच्या नादात, आणि लग्न करून आणलेली जिवंत बाई त्याच्यामागे रानोमाळ. तिची गोष्ट आज कोणी नीट सांगितली तर तो आजचा पिक्चर होईल.

रामसे बंधूंबद्दल थोडक्यात. 'दो गज जमीन के नीचे'पासून 'पुराना मंदिर', 'वीराना'पर्यंत त्यांनी कमी पैशात जे उभं केलं त्याबद्दल मला आदर आहे, घरातलीच माणसं दिग्दर्शन, कॅमेरा, आवाज सगळं सांभाळायची. धूर, मुखवटे, जुने बंगले, ते वातावरण त्यांनाच जमलं. पण त्या पिक्चरांतली कुटुंबं कधीच कुटुंबं वाटत नाहीत, त्यामुळे कोण मेलं याचं दुःख होत नाही.

ते दुःख हिंदीत आणलं राम गोपाल वर्माने. भूत (२००३) मुंबईतल्या टॉवरमधला फ्लॅट, नवरा बायको नवीन राहायला आलेले, पिक्चरमधे एकही गाणं नाही. ऊर्मिला मातोंडकरने जे केलंय ते तर बघायचंच, पण मला त्यातली लिफ्ट, खालचा वॉचमन, कामवाली, बंद दाराआड शेजाऱ्याला काही पत्ता नसणं हे जास्त खरं वाटतं. मुंबईत असंच असतं. त्याच्याही आधी १९९२ ला त्याचाच रात, त्यात कॉलेजला जाणारी मुलगी रेवती. त्यातलं मध्यमवर्गीय घर, जेवणाच्या टेबलावरच्या गप्पा, अगदी आपल्या शेजारच्यांसारखे लोक, आणि त्यांच्याच पोरीला काहीतरी झालंय.

आणि आता तीच रेवती तीस वर्षांनी आई झालीये, भूतकालममधे. २०२२ चा मल्याळम, राहुल सदाशिवनचा, सोनी लिव्हवर आला. माझ्या मते गेल्या काही वर्षांत आपल्या देशात झालेला सगळ्यात चांगला हॉरर ड्रामा हाच, तुंबाडपेक्षाही मला तो जवळचा आहे आणि याबद्दल कोणीही कितीही वाद घाला. भाड्याचं साधं घर. अंथरुणाला खिळलेली आजी सुरुवातीलाच जाते. मागे राहतात शाळेत शिकवणारी आई, जिला डिप्रेशनचा त्रास आहे, आणि फार्मसीचा डिप्लोमा करून बेकार बसलेला मुलगा. त्याला बाहेरगावी जायचंय, आई सोडत नाही. तो दारू पिऊन येतो, ती बोलत नाही, दोघं एकाच छताखाली दारं लावून झोपतात. मग रात्री आवाज यायला लागतात. मुलाला दिसतं, तो सांगतो, आणि कोणाचाही विश्वास बसत नाही, कारण घरात आजारपणाचा इतिहास आहे ना, सगळे म्हणणार याचंही डोकं फिरलं.

इथे दिग्दर्शकाने काय हुशारी केलीये बघा, बराच वेळ आपल्यालाही कळत नाही की घरात खरंच काही आहे की हे दोघं आजारी आहेत, आणि दोन्ही शक्यता सारख्याच भीतीदायक आहेत. बाहेरचे नातेवाईक, शेजारी, शाळेतले लोक कसे हळूच बाजूला होतात तेही किती खरं आहे. घरात मानसिक आजार असलेल्या माणसाला हे सगळं ओळखीचं वाटेल. आणि जेव्हा आईलाही ते दिसतं, तेव्हा भीतीच्या बरोबरीने एक सुटका वाटते, की चला, निदान आता हिला पटलं. शेवटची वीसेक मिनिटं मी खुर्चीच्या टोकावर होते. अमेरिकेतला हेरेडिटरी (२०१८) पण आजीच्या मरणानेच सुरू होतो, त्यातही टोनी कोलेटचा जेवणाच्या टेबलावरचा तो सीन, आई पोटच्या पोराला जे बोलते ते कुठल्याही भुतापेक्षा भयंकर, पण त्याच्या शेवटाला पंथ, पूजा, राजा वगैरे आलं आणि ती आई माझ्या हातातून निसटली. भूतकालम त्या दोघांना शेवटपर्यंत सोडत नाही.

त्याच राहुल सदाशिवनचा भ्रमयुगम (२०२४) ब्लॅक अँड व्हाईट आहे, सतराव्या शतकातलं मलबार, एक पडका वाडा आणि फक्त मोजकी माणसं. मामूट्टी त्या वाड्याचा मालक, जीव वाचवत पळत आलेला एक खालच्या जातीचा गायक त्याच्या दारात येतो, मालक त्याला प्रेमाने ठेवून घेतो, आणि मग त्याला जाता येत नाही. सोंगट्यांच्या डावात वेळ पणाला लावायला सांगतो. सत्ता ज्याच्या हातात आहे तो दया दाखवतो तेव्हा जास्त भीती वाटते, हे मामूट्टीने नुसत्या हसण्यातून दाखवलंय. मधे थोडा रेंगाळतो पिक्चर, पण स्वयंपाकघरातल्या त्या आचाऱ्यावर लक्ष ठेवा, त्याच्याकडे बघत राहिलात तर कुठेच कंटाळा येणार नाही.

कोणी एकच बघणार असेल तर भूतकालम बघा, सबटायटल लावून, हेडफोन घालून. फक्त घरात कोणी डिप्रेशनमधून जात असेल तर त्यांना सोबत घेऊन लगेच बसू नका, आधी एकट्याने बघा आणि मग ठरवा. लपाछपीचंही तेच, दिवस गेलेल्या बाईला अजिबात दाखवू नका, पण तिच्या सासूला आणि नवऱ्याला जरूर दाखवा. आणि तुंबाड परत कधी थिएटरला लागला तर पावसाळ्यातच लागू दे आणि पहिल्या आठवड्यातच जा.